मिटल्या पापणीवरची गाठ

महाड
२ सप्टेंबर २०२४

गंधार,

पाकीट हलवून बघू नकोस. आत बाटली नाही, नुसता कागद आहे.

तुझ्या लॅबमधल्या मुलीचा दोनदा फोन येऊन गेला, "मॅडम, सॅम्पल पाठवते म्हणालात, पोचलं नाही." पोचणारही नाही. ते पोलादपूरच्या वर एका वाडीत फणसाच्या झाडाखाली पुरलेलं आहे. मी चेष्टा करत नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू 'हं' म्हणतोस, मग मी भांडते, मग तू 'हं'सुद्धा म्हणेनासा होतोस. त्यापेक्षा गेली तीन वर्षं आपलं बरं चाललंय. मी महाडहून पापणीतले तुकडे पाठवते, तू ठाण्याहून त्यांचे रिपोर्ट पाठवतोस. खाली तुझी एकट्याची सही, कारण दुसऱ्या कुणाचं मत घेणं तुला पहिल्यापासून कमीपणाचं वाटतं. आणि सहीच्या वर ते ठरलेलं वाक्य, 'प्रत्यक्ष तपासणीशी पडताळून पाहावे.' शिवाय दर जुलैत तुझा एका शब्दाचा मेसेज येतो, 'पाणी?' आणि मी लिहिते, 'नाही.' काही घरांत नवराबायको एवढंही बोलत नसतील.

तर बाटलीचं. चंद्रभागाबाई, साठीच्या पुढच्या, डाव्या वरच्या पापणीत गाठ. रांजणवाडी समजून आधी दोन ठिकाणी चिरून घेतलेली. दोन्ही वेळा खरवडलेलं कचऱ्यात गेलं, कुणीही तपासायला पाठवलं नाही. तिसऱ्यांदा उगवली तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारी गाठ म्हणजे साध्या गाठीचं सोंग घेतलेला कॅन्सर असू शकतो, हे आपण दोघं कॉलेजात एकाच बाकावर बसून शिकलो. पण ही हाताला खड्यासारखी टणक होती आणि कापताना सुरीखाली खडूसारखी कचकचली. मला वाटतं, साधी असावी, क्वचित आढळणाऱ्यांपैकी. पण माझ्या वाटण्याला काय किंमत? साधी निघाली तर मी काढलंय तेवढं पुरे. वाईट निघाली तर पुन्हा कापायचं, पापणीचा मोठा भाग जाणार, आणि तेही लवकर करायला हवं.

कुरियरवाला पावसाचं कारण सांगून चार दिवस आला नव्हता, म्हणून बाटली त्यांच्या मुलाच्या हाती दिली. सुनील मुंबईला गाडी चालवतो. वाडीतून थेट मुंबईला जाणारी त्यांची बस असते, त्या बसने तो नेणार होता. एक रात्र घरी राहिला आणि सकाळी त्याचा फोन. "म्याडम, सॉरी हां. आयनं बाटली पुरली. बोलते, अंगाचा तुकडा हाय, असा गावोगाव फिरवायचा नाय. आमच्या नाळी जिथं पुरल्यात ना, फणसाखाली, तिथंच पुरली. नेमकी जागा पन सांगत नाय."

मी त्याच्यावर ओरडले. मग बाईंशी बोलले तर त्या शांतपणे म्हणाल्या, गौरी-गणपती होईपर्यंत आमच्या परसात कुदळ लागत नाय. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास.

झाकण घट्ट होतं, वरून चिकटपट्टी मी स्वतः गुंडाळली होती. मातीत किती दिवस टिकेल ते कळव.

सरोज


महाड
१४ सप्टेंबर २०२४

गंधार,

या वेळी पाकीट खरंच हलवू नकोस, आत बाटली आहे. 'टिकेल. उन्हात ठेवू नको' हा तुझा मेसेज मिळाला होता. जुलैतल्यापेक्षा तीन शब्द जास्त लिहिलेस.

काल मी स्वतः वर गेले. पोलादपूर स्टँडपर्यंत एसटी, पुढे सुनीलने सांगून ठेवलेली जीप. गणपतीला आलेली मुंबईची माणसं परत निघाली होती, पिशव्यांत काकड्या, चिबूड. सुनीलही त्याच बसने गेला. दुपारपर्यंत वाडी अशी रिकामी झाली की कोंबड्यांचं ओरडणंसुद्धा मोठं वाटायला लागलं.

चंद्रभागाबाई ओटीवर बसल्या होत्या. जखम छान भरून आलीय, टाक्याची खूणही फारशी नाही. मी बाटलीचं काढलं तशा म्हणाल्या, "डॉक्टरीनबाय, गाठ तर तू काढलीस. आता तिच्यात आनिक काय बगायचं ऱ्हायलंय?"

मी म्हटलं, ती कसली होती ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. ठाण्याला डॉक्टर आहेत, ते भिंगाखाली बघून सांगतात.

"कोन डॉक्टर?"

"माझे मिस्टर."

"मंग ते तिकडं नि तू हिकडं?"

मी म्हटलं, पूर आला होता ना. एवढ्यावर त्यांनी मान हलवली. या भागात पुराचं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तरी मी सांगितलं. खालच्या मजल्यावरची तुझी लॅब, मायक्रोस्कोप, वीस वर्षं जमवलेल्या तपासणीच्या काचा सावित्रीच्या पाण्यात गेल्या, आणि चिखल उपसून होतो न होतो तोच तूही गेलास. या गावात पुन्हा मांडायचं नाही म्हणालास. मी म्हटलं, माझे पेशंट इथं आहेत. दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण कधी संपलं नाही. हे सगळं मी तुझ्याशी नाही, एका पेशंटशी बोलले, तेही तिच्या ओटीवर पाय सोडून बसून.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सासू सांगायची, नाळ पुरली की पोर जागा सोडत नाय. दोगांच्या हितंच पुरल्या. धाकला तर गनपतीला पन आला नाय." आणि उठताना, "पुरून पोरं ऱ्हायली नायत, तर गाठ कशाची ऱ्हाते?"

कुदळ घेऊन त्या परसात गेल्या. मला मागे येऊ दिलं नाही. जीपने अंग खिळखिळं झालं होतं, मी ओटीवरच कलंडले आणि माझा डोळा लागला. उठले तेव्हा बाटली माझ्या उशाशी होती, माती पुसलेली, आणि बाई समोर बसून माझ्याकडे बघत होत्या. बाटलीवरचं नाव भिजून गेलंय, पण तुकडा शाबूत दिसतोय. मी नाव पुन्हा लिहिलं आहे.

त्यांची एक अट आहे. तुझं बघून झालं की उरलेला तुकडा परत हवा. तुमच्याकडे तो ठेवायचा नियम असतो हे मला माहीत आहे. तरी पाठव.

माझ्याबद्दलही त्या काहीतरी म्हणाल्या. ते जाऊ दे.

सरोज


महाड
२७ सप्टेंबर २०२४

गंधार,

रिपोर्ट मिळाला. पायलोमॅट्रिक्सोमा. केसाच्या मुळातून उगवलेली साधी गाठ, पापणीवर क्वचित, आणि बहुतेक वेळा रांजणवाडी समजून चिरलेली. कडेपर्यंत पूर्ण निघाली आहे, असंही लिहिलंस. मी लगेच सुनीलला फोन केला. आईला कळवतो म्हणाला, आणि मग बराच वेळ नाक ओढत राहिला. उरलेला तुकडाही मिळाला. नियम मोडून पाठवलास, तेही औषधाच्या खोक्यात कापूस घालून. चंद्रभागाबाई येऊन घेऊन गेल्या. "तुजा मानूस शब्दाचा पक्का हाय गो," म्हणाल्या.

तुझ्या रिपोर्टमध्ये त्या सावलीसारख्या पेशींचं वर्णन आहे. बाहेरची रेघ तेवढी उरलेली आणि मधला गाभा गेलेला. आपला खालचा मजला तसा आहे. भिंती आहेत, ओटा आहे, नळाला पाणी येतं. तुझ्या काचा मी धुऊन वर ठेवल्या आहेत, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. चिठ्ठ्या गेल्या, त्यामुळे कोण कुणाची ते कळत नाही, पण काचा फुटलेल्या नाहीत.

आता मागच्या पत्रात टाळलं ते लिहिते. दोन आठवडे रोज लिहायचं ठरवत होते आणि रोज पेशंटचं निमित्त काढत होते.

मी ओटीवरून उठले तेव्हा चंद्रभागाबाई म्हणाल्या, "डॉक्टरीनबाय, तुज्या पापनीवर पन हाय गो. मिटलीस की दिसतंय."

उजवी, वरची. तुला माहीत आहे, डोळा उघडा असला की वरच्या पापणीची घडी आत जाते आणि या वयात वरची सैल कातडी तिच्यावर येऊन बसते. आरशात ती दिसत नाही. मिटली तर दिसेल, पण मिटल्यावर बघणार कोण? घरी आल्यावर एक डोळा मिटून मोबाईलने फोटो काढला. मुगाच्या दाण्याएवढी आहे. तिच्या खालचे पापणीचे केस गळलेत. केस विरळ झालेले मला कधीचे दिसत होते. वय झालं म्हणून सोडून दिलं. हेच एखाद्या पेशंटनं केलं असतं तर मी तिला फैलावर घेतलं असतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं नि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं लोक म्हणतात तेव्हा मी आता हसणार नाही.

गाठ आणि तिथले केस गळालेले. याचा अर्थ मी तुला सांगायला नको. साध्या गाठी शंभर असतात, पण ही दोन लक्षणं एकत्र आली की आधी वाईटाचंच नाव घ्यायचं असतं.

मला गाठीपेक्षा दुसरंच लागलं. ती तिथे किती महिन्यांपासून आहे, कोण जाणे. तू इथे असतास तर दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला असतास, सरोज, हे काय आहे? तीन वर्षांत मला झोपलेली कुणी पाहिलेलंच नाही. पाहिलं ते एका परक्या बाईनं, तेही मी तिच्या दारात दमून पडले म्हणून.

मला भीती वाटते, गंधार. दिवसभर मी लोकांच्या पापण्या उलटून बघते आणि घरी आले की आरशाकडे पाठ करून केस विंचरते.

पनवेलला डॉ. प्रियदर्शिनी म्हणून पापण्यांच्या सर्जन आहेत. आपल्याला मुलगी असती तर एवढी असती. नऊ तारखेला ती काढणार आहे. मला एवढंच विचारायचं आहे, तुकडा तू बघशील का? घरच्या माणसाचं आपण बघू नये असं म्हणतात. पण तू म्हणायचास, काचेवर कुणाचं नाव नसतं. आपण आता एका घरचे आहोत की नाही, तेही मला नीटसं माहीत नाही. नाही म्हणालास तर दुसरीकडे पाठवेन, रागावणार नाही. खोटं कशाला बोलू, रागावेन.

सरोज


पनवेल
९ ऑक्टोबर २०२४

गंधार,

अक्षर वाकडं आहे कारण एकाच डोळ्याने लिहिते आहे. 'पाठव' एवढाच मेसेज केलास, म्हणून पाठवते. सुनील बाहेर उभा आहे. बाटली इथूनच थेट ठाण्याला नेईल, कुठेही न थांबता, असं मी त्याच्याकडून त्याच्या आईसमोर वदवून घेतलंय.

हो, चंद्रभागाबाई बरोबर आहेत. प्रियदर्शिनी फोनवर म्हणाली होती, मॅडम, सोबत कुणीतरी हवं. मी एकेकाचं नाव आठवून बघितलं. डॉक्टर मंडळींना कळवलं तर महाडभर होईल. तुला ये म्हणण्याचा प्रश्न नव्हता. शेवटी पेशंटलाच फोन केला. त्या आदल्या दिवशीच पोलादपूरहून येऊन राहिल्या. सकाळी वीर स्टेशनला पॅसेंजर पकडली. गाडी सुटली तशी त्यांनी डब्यातली तांदळाची भाकरी काढली. ऑपरेशनआधी खायचं नसतं म्हटलं, तर माझ्या वाटणीची पुन्हा बांधून ठेवली. इथल्या नर्सने विचारलं, "आजी, तुम्ही यांच्या कोण?" तर म्हणाल्या, "मी हिची पेशंट." नर्सला वाटलं, आजी घाबरून भलतंच बोलतायत.

प्रियदर्शिनीचा हात हलका आहे. पापणीची पूर्ण जाडी पाचरीसारखी कापून काढली आणि दोन्ही कडा जुळवल्या. कसली वाटते, असं मी टेबलावरच विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही पेशंटला काय सांगता?" मी सांगते, रिपोर्ट येऊ दे. हे ऐकायला किती वाईट लागतं ते आज कळलं.

बाटलीवर नियमाप्रमाणे पूर्ण नाव लिहिलं, त्यामुळे मधे तुझंही आलं. हात तिथे जरा थांबला होता.

वाईट निघालं तर फोन करू नकोस. चांगलं निघालं तरी करू नकोस. तुझ्या श्वासावरूनच मला कळेल आणि मग तू पुढे काय बोललास ते ऐकू येणार नाही. लिहून पाठव.

चंद्रभागाबाई विचारतायत, मालकांना काय लिवलंस? मी म्हटलं, गाठीचं लिहिलं. त्या म्हणतात, एवडा वेळ?

सरोज


महाड
१९ ऑक्टोबर २०२४

गंधार,

रिपोर्ट काल दुपारी आला. ओपीडी भरलेली होती. पाकीट टेबलावर ठेवून मी आधी सगळे पेशंट तपासले. शेवटच्या म्हाताऱ्याला चष्म्याचा नंबर दोनदा सांगितला, तो म्हणाला, "बाय, मगाशी पन हाच सांगितलास." तो गेल्यावर दार लावून घेतलं.

साधी आहे. मज्जातंतूच्या वेष्टणातून निघालेली, श्वानोमा. पापणीवर इतकी क्वचित की माझ्या सगळ्या प्रॅक्टिसमध्ये एकही नाही, आणि निघाली ती माझ्याच डोळ्यावर. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग खुर्चीत बसून राहिले. सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच, हे कुणाला सांगू, असं झालं. घरात कुणीच नव्हतं. चवदार तळ्यापर्यंत चालत गेले, पायरीवर बसले आणि चंद्रभागाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मंग रडतेस कशाला?"

पण रडत होते ते त्या ओळीमुळे नव्हे. मी रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला होता.

खाली चार सह्या आहेत. मला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचा कागद आला. पहिली सही ठाण्याची, तुझ्याच लॅबमधल्या बाईंची. दुसरी मुंबईची. तिसरी पुण्याची, खाली तारीख आणि गाव. तिन्हींच्या वर 'सहमत'. आणि सगळ्यांत शेवटी तुझी. पुण्याला काच कुरियरने गेली नाही, हे तारखांवरून कळतं. तू स्वतः नेलीस. एका दिवसात जाऊन आलास.

तू, गंधार. परिषदेत भर सभेत उठून 'मला दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज नाही' म्हणणारा. कॉलेजातल्या आपल्या साहेबांशी भांडण झालं तेव्हासुद्धा काच दुसऱ्याला दाखवली नाहीस. चंद्रभागाबाईंची गाठ बघून एका संध्याकाळी निकाल दिलास. आणि माझ्या तुकड्याला तू तीन दारं फिरलास. तुला दिसत नव्हतं म्हणून नाही. तुला पहिल्या नजरेतच कळलं असणार, मी तुला ओळखते. तुला स्वतःवर विश्वास ठेवायची भीती वाटली.

तीन वर्षं मला वाटत होतं, भीती माझ्या एकटीकडे आहे. तुझ्याकडेही आहे हे कळलं आणि मला रडू आलं. टाके चांगलेच झोंबले.

आणखी एक. तुझं ते ठरलेलं वाक्य, प्रत्यक्ष तपासणीशी पडताळून पाहावे, ते या रिपोर्टमध्ये नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विसरलास.

आता कामाचं. कडेचे टाके बुधवारी काढायचे आहेत. प्रियदर्शिनी म्हणते पनवेलला या, दहा मिनिटांचं काम आहे. मी तिला अजून हो म्हटलेलं नाही. स्वतःचे टाके स्वतःला काढता येत नाहीत. तुला येतात. इंटर्नशिपमध्ये तू माझ्यापेक्षा चांगले काढायचास, हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं.

राहायला ये असं मी म्हणत नाही. लॅब पुन्हा मांड असंही नाही. ठाण्याहून उंटावरून शेळ्या हाकतोस ते पुढेही हाक. फक्त बुधवारी ये. वीरला उतरलास की रिक्षावाला माणसं भरेपर्यंत सोडत नाही, त्याच्याशी वाद घालू नकोस. माझा उरलेला तुकडा येताना घेऊन ये. चंद्रभागाबाईंनी फणसाखाली जागा ठेवली आहे, आणि त्यांना नाही म्हणायची माझी टाप नाही.

बारीक कात्री आणि चिमटा उकळून ठेवते. खिडकीजवळ खुर्ची ठेवते, सकाळी तिथे उजेड चांगला असतो. टाके काढताना डोळा मिटून बसावं लागतं, ते मी करीन. तुझा हात थरथरला तरी मी हलणार नाही.

सरोज